विश्लेषण : हॉस्पिटल मॅनेजमेंटचे प्रमाणपत्र कर्ज काढून घ्यावे का? पेठमधून मांडलेला हिशेब

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधील खासगी संस्थांच्या जाहिराती पेठपर्यंत पोहोचतात. ‘सहा महिन्यांत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, शंभर टक्के नोकरी, फी सुलभ हप्त्यांत.’ नर्सिंगला प्रवेश हुकलेल्या किंवा विज्ञान शाखेत नसलेल्या मुलामुलींना हा मार्ग जवळचा वाटतो. शेवटी काम दवाखान्यातलेच असते. पण या प्रमाणपत्राची खरी किंमत फीच्या पावतीवर नसते. पहिल्या पगारातून शहराचा खर्च वजा केल्यावर हप्त्यापुरते पैसे उरतात का, यावर ती ठरते.

काम नेमके कोणते?

नाव ‘मॅनेजमेंट’ असले तरी सुरुवात बहुधा काउंटरवर होते. केसपेपर काढणे, बिल करणे, विमा कंपनीकडे मंजुरीसाठी कागद पाठवणे, डिस्चार्जनंतर फाइल लावणे अशी ही कामे आहेत. सरकारी आरोग्य योजनांमुळे हे काम वाढले, यात शंका नाही. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत झाली. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. योजनेतील रुग्णालयात रुग्णाला मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि जाहिरातींत त्याच्याकडे हमखास बोट दाखवले जाते. मात्र आरोग्यमित्र हे कंत्राटी पद आहे. वेतनवाढीसाठी आरोग्यमित्रांनी आंदोलनेही केली आहेत. हे जाहिरातीत नसते.

हिशेब कसा मांडायचा?

समजा फी ६० हजार रुपये आहे. संस्थेत बसलेला वित्त कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो, ‘फक्त १२ टक्के, दोन वर्षे.’ हे १२ टक्के बहुतेकदा ‘फ्लॅट’ असतात. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण ६० हजारांवरच आकारले जाते. दोन वर्षांचे व्याज १४,४०० रुपये, एकूण परतफेड ७४,४०० रुपये आणि हप्ता ३,१०० रुपये. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आकड्यांचा हा खेळ वाचूनही पटत नसेल तर मोबाइलवरच्या कोणत्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये घालून पाहावा.

आता पगार. काउंटरवरच्या पहिल्या नोकरीत महिना १२ हजार मिळाले असे धरू. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये कापले जातात. हातात येतात १०,४७० रुपये. (महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, पुरुषांना या पगारावर महिन्याला २०० रुपये लागतो.) पेठ ते नाशिक हे अंतर पन्नास किलोमीटरहून जास्त आहे, मध्ये सावळघाट, आणि रुग्णालयात रात्रपाळी असते. त्यामुळे एसटीने रोज ये-जा अवघड, खोली घ्यावीच लागते. भागीदारीतली खोली, मेस, मोबाइल, प्रवास मिळून सहा हजार धरले तर उरतात ४,४७० रुपये. हप्ता गेल्यावर १,३७०. आजारपण, सणाला घरी जाणे, धाकट्या भावाची वह्या-पुस्तके हे सगळे त्यातच.

अमेरिकेत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका नियमात अशा प्रमाणपत्र अभ्यासक्रमांसाठी निकष आहे. विद्यार्थ्यांचा कर्जफेडीचा वार्षिक बोजा कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत असावा, हा त्यातला एक. तो इथे लावला तर १२ हजारांच्या पगारावर हप्ता ९६० रुपये असायला हवा. वरच्या उदाहरणात तो जवळपास २६ टक्के आहे.

पगार सुरू होण्याआधीच्या हप्त्यांचे काय?

अडचण खरी इथेच होते. खासगी कर्जाचा हप्ता अनेकदा पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात १८,६०० रुपये पहिल्या पगाराआधीच भरायचे असतात. ते भरतात आई-वडील. पेठ तालुक्यातली कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला जातात. हप्त्यासाठी तो मुक्काम लांबतो. रोजगार हमीचा २०२५-२६ मधला दर ३१२ रुपये होता. त्या दराने १८,६०० रुपये म्हणजे जवळपास साठ दिवसांची मजुरी. शिवाय फी कंपनीने संस्थेला आधीच दिलेली असते. मुलाने मध्येच अभ्यासक्रम सोडला तरी कर्ज त्याच्या नावावर राहते आणि थकले तर सिबिलवर दिसते.

कर्ज टाळता येते का?

बऱ्याच अंशी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आणि राज्याच्या प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियानात आरोग्य क्षेत्रातले प्रशिक्षण विनाशुल्क असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. संस्था आणि अभ्यासक्रम महाडीबीटी पोर्टलवर सापडत नसेल तर ती मिळणार नाही, मग भिंतीवर किती का प्रमाणपत्रे टांगलेली असोत. पेठमधल्याच दादासाहेब बिडकर महाविद्यालयात पदवी करत जोडीला संगणक आणि टायपिंग शिकणे हा कमी आकर्षक, पण बिनकर्जाचा रस्ता आहे. पदवी नंतर बढतीच्या वेळीही उपयोगी पडते. सहा महिन्यांच्या कागदाबाबत तसे म्हणता येत नाही.

कर्ज काढायचेच असेल तर आधी बँकेत जावे. केंद्राच्या सुधारित कौशल्य कर्ज योजनेत २०२४ पासून मर्यादा दीड लाखांवरून साडेसात लाखांवर गेली आहे. अभ्यासक्रम चालू असताना हप्त्याला सवलत मिळते, तारण लागत नाही. ६० हजारांवर १२ टक्के घटता दर आणि तीन वर्षांची मुदत धरली तर हप्ता १,९९३ रुपये पडतो. सवलतीच्या काळातले व्याज त्यात वेगळे मिळवावे. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाचे मुख्यालयही नाशिकमध्येच आहे. तिथल्या योजनांची चौकशी करायला एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च नाही.

संस्थेला काय विचारावे?

मागच्या तुकडीतले किती जण कुठल्या रुग्णालयात, किती पगारावर लागले, हे लेखी मागावे. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नोकरीची हमी नव्हे. प्रमाणपत्र कोण देणार, राज्याचे कौशल्य मंडळ, विद्यापीठ की संस्था स्वतःच, हेही विचारावे. कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केले आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो, त्यामुळे ‘फ्लॅट १२ टक्के’ तिथे लपत नाही. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. सही करण्याआधी तो मराठीत मागता येतो.