एकाच खेपेत दोन्ही सेवा हव्यात!

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला : संततिनियमनाचा प्रचार आणि साधनांची सोय सरकारने करावी. ठरावामागे बाबासाहेब उभे होते. सभागृहाने तो फेटाळला.

१९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेथील एचआयव्हीबाधित मजूर स्त्रीचा आज विचार करा. औषधासाठी लाखांदूरहून भंडारा गाठायचे म्हणजे एक रोजी बुडाली. कुटुंबनियोजनासाठी पुन्हा वेगळे दार ठोठवावे लागले, तर दुसरी बुडते. आजाराची वाच्यता होण्याची भीती वेगळीच. मग ती जातच नाही.

एआरटीची औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. त्याच खेपेस, त्याच ठिकाणी निरोध, गोळ्या, तांबी, इंजेक्शन आणि सल्ला मिळालाच पाहिजे. तांबी गर्भ रोखते, संसर्ग रोखत नाही. म्हणून सोबत निरोधही हवा. जिला मूल हवे आहे, तिलाही सांगा की उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. नियमित उपचाराने तो ५ टक्क्यांखाली येतो.

मात्र सेवेच्या नावाखाली सक्ती चालणार नाही. बाधित गर्भवतीची संमतीविना नसबंदी वा गर्भपात करण्यास २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई केली आहे.

निर्णय तिचा, सोय शासनाची! ही मागणी वस्त्यावस्त्यांतून भंडारा जिल्हा परिषदेपर्यंत गेली पाहिजे.