नाकाच्या उंचीवरचा गुलाब

रातराणी गल्लीच्या तोंडाशीच गाठते, नको असली तरी. प्राजक्त फुलला की शेजारच्या बिल्डिंगलाही कळतं. गुलाबाचा वास मात्र लांबवर पोचत नाही. त्याच्यापाशी जावं लागतं, वाकावं लागतं, आणि तेही वेळेवर. पुण्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या आवारात उत्तम वासाचे गुलाब मागच्या कुंपणाला नाहीतर पाण्याच्या टाकीपलीकडे लावलेले दिसतात. तिथे ऊन असतं, जागा असते, पण सकाळी तिकडे जातं कोण? फुलं येतात, दोन दिवस टिकतात, पाकळ्या झडतात. घरातल्यांना विचारलं तर म्हणतात, ‘आमच्या गुलाबाला फारसा वास नाही.’

माझं मत असं, की वासाचा गुलाब आणायचा तर आधी जागा ठरवावी आणि जात नंतर. जागा ठरवताना उन्हाबरोबर आपल्या सकाळचाही हिशेब करावा. आपण रोज कुठे थांबतो? पेपर उचलायला, फाटकाचं कुलूप काढायला, चप्पल घालायला. जिथे पाय आपोआप अर्धा मिनिट थबकतात, तिथून हाताच्या अंतरावर गुलाब हवा. त्याहून जवळ नको. काटे पदराला धरतात, आणि पोरांच्या पोटऱ्या ओरबाडून निघतात.

कोथरूडच्या आमच्या जुन्या घराला जेमतेम आवार आहे. दक्षिणेला शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली, पश्चिमेला स्कूटर आणि सिमेंटची उंच भिंत, पूर्वेला पायऱ्या आणि फाटक. गुलाबाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि ते सकाळचं असेल तर सोन्याहून पिवळं. कारण रात्रीचं दव पानांवरून लवकर उडतं. पान सात-आठ तास सलग ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला तेवढं पुरतं. पश्चिमेच्या भिंतीपाशी दुपारनंतर ऊन मिळतं खरं, पण एप्रिलमध्ये ती भिंत संध्याकाळपर्यंत भाजत असते. तिथे गुलाबाची पानं कडेने करपतात आणि लाल कोळी बोलावल्यासारखा येतो.

वाऱ्याचं गणित जरा अवघड आहे. वास साठून राहायचा तर हवा स्थिर हवी. पानं निरोगी राहायची तर हवा खेळती हवी. या दोन्ही गोष्टी एका जागी पूर्णपणे मिळत नाहीत. पुण्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेला आडोसा आणि पूर्वेला मोकळं अशी जागा मिळाली तर बरंच साधतं. आमच्या पायऱ्यांचा कठडा नेमका तसा आहे. घर पाठीशी, फाटक समोर. फक्त झाड भिंतीला चिकटवायचं नाही. दीड-दोन फूट अंतर ठेवलं तर मागून हवा फिरते आणि औषध मारायला हातही जातो.

जागेवरून झाडाची उंची ठरते. मिस्टर लिंकन हा लाल गुलाब सरळसोट वाढतो, माणसाच्या डोक्याला लागतो. तो जमिनीतच बरा. डबल डिलाइट तीन-चार फुटांत आवरतो. तो मोठ्या कुंडीत, कठड्यावर ठेवला की फूल बरोबर नाकापाशी येतं. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. कुंडी कठड्यावर चढवायला तेवढं कारण पुरेसं होतं.

मग जात. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे. गुलाबाच्या प्रत्येक रोपाला रंगीत फोटोचं लेबल असतं, आणि त्या लेबलावर फार विसंबू नये. रोप इकडून तिकडे हलतं, लेबल तिथेच राहतं. फोटोवरून वास तर कळतच नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, फुलं असताना, ऊन अंगाला जरा लागू लागलं की जावं आणि नाकाने निवडावं.

हुंगण्याचीही रीत आहे. पूर्ण उमललेलं, पिवळे केसर दिसणारं फूल परीक्षेला घेऊ नये. त्याचा वास बराचसा उडून गेलेला असतो. घट्ट कळीही नको. अर्धं उघडलेलं फूल दोन्ही तळव्यांत अलगद धरायचं, त्यावर आधी तोंडाने हलकेच वाफ सोडायची आणि मग श्वास घ्यायचा. वासाची द्रव्यं पाकळीच्या पृष्ठभागावरच्या पेशींतून सुटतात. थोडी ऊब मिळाली की ती भराभर उडतात. नर्सरीवाला विचित्र नजरेने बघतो. बघू द्यावं. चार-पाच फुलांनंतर नाक थकतं आणि सगळेच गुलाब सारखे वाटायला लागतात. तेव्हा चहाच्या टपरीपर्यंत एक चक्कर मारून यावं.

आणि घरातल्यांना बरोबर न्यावं. गुलाबाच्या वासात आयोनोन नावाचं एक द्रव्य असतं. वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे काहींना ते स्पष्ट जाणवतं, तर काहींना जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकाच फुलावर वाकून नवरा ‘वा’ म्हणतो आणि बायको ‘ठीक आहे’ म्हणते, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. आमच्याकडे हा वाद ब्लू मूनवरून झाला. फिकट जांभळा, लिंबासारख्या गोडसर वासाचा गुलाब. मला तो साबणासारखा वाटतो. घरात बहुमत त्याच्या बाजूने होतं, तरी तो आला नाही; खर्च मी करत होते.

गडद लाल गुलाबांत तीन नावं नेहमी पुढे येतात. पापा मेयाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा. ही तिघं सख्खी भावंडं आहेत. क्रायस्लर इंपीरियल आणि चार्ल्स मालेराँ या एकाच जोडीच्या संकरातून झालेली. पापा मेयाँ १९६३ मध्ये फ्रान्समध्ये, बाकीचे दोघे १९६४ मध्ये अमेरिकेत. त्यांची वंशावळ मागे शोधत गेलं तर जर्मनीत १९३५ साली आलेल्या क्रिमझन ग्लोरीपर्यंत पोचते. वास तिघांचाही दाट, पण स्वभाव वेगळे. पापा मेयाँचा वास मला सर्वांत आवडतो, मात्र त्याला भुरी पटकन धरते आणि झाड अशक्त राहतं. ओक्लाहोमाचा रंग जवळजवळ काळा, पण भर उन्हात पाकळ्यांच्या कडा जळतात. घरच्या बागेत, रोज लाड न करता टिकायचा असेल तर मिस्टर लिंकन.

याच पापा मेयाँमुळे गुलाबाच्या वासाचं एक कोडं उलगडलं. फ्रान्समधल्या सेंत-एत्येनच्या संशोधकांनी वासाचा पापा मेयाँ आणि बिनवासाचा रूज मेयाँ शेजारी शेजारी ठेवून तपासले. दोघांच्या पाकळ्यांत कोणती जनुकं जागी आहेत ते पाहिलं. गुलाबाला गुलाबपण देणारं जिरॅनिऑल हे द्रव्य इतर वनस्पतींत ज्या मार्गाने तयार होतं, त्या मार्गाने इथे होतच नव्हतं. एक वेगळंच विकर ते काम करत होतं, ज्याचे भाऊबंद इतरत्र पेशींतली साफसफाई करतात. बिनवासाच्या गुलाबात त्याचं जनुक जवळपास निजलेलं. हे २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास का नसतो, त्याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या डच गुलाबांची निवड पिढ्यान्‌पिढ्या दांड्याची लांबी, कळीचा आकार आणि पाण्यात टिकण्याचे दिवस यांवर झाली. वासाला त्या परीक्षेत गुणच नव्हते. तेव्हा ‘तसाच, पण वासाचा’ गुलाब मागून नर्सरीवाल्याला कोड्यात टाकू नये.

आपल्याकडचंही एक नाव सांगते. गव्हावर आयुष्य वेचलेले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल गुलाबांचेही वेडे होते. त्यांनी घडवलेल्या जातींपैकी रोझ शर्बत ही गडद गुलाबी, झुपक्याने फुलणारी आणि वासाला खणखणीत. नर्सरीत सहज दिसत नाही, मागत राहावं.

आम्ही आणला डबल डिलाइट. एक तर त्याच्या बाबतीत लेबलाची फसवाफसवी चालत नाही. पाकळी सायीच्या रंगाची उघडते आणि ऊन लागेल तसा कडेने लाल चढत जातो. सावलीत ठेवलं तर फूल पांढरटच राहतं. वास मसालेदार आहे, मधात लवंग ठेचल्यासारखा. १९८५ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला मानाच्या यादीत घेतलं, तेव्हा तो आवडणारी मी काही एकटीच नाही.

लावायला आमचे माळीकाका आले. नर्सरीतून आलेल्या कलमाच्या मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो. गाडीत माती सुटू नये म्हणून थापलेला. वाळला की तो विटेसारखा कडक होतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं आणि ओल्या मातीत झाड तहानलेलं मरतं. काकांनी पिशवी ब्लेडने फाडली, गोळा बादलीत बुडवला आणि विडी पेटवली. बुडबुडे यायचे थांबल्यावर अंगठा दाबून पाहिला. ‘आता धरतंय पाणी.’ मग बोटांनी बाहेरची चिकण माती थोडी थोडी सोडवली, आतल्या पांढऱ्या मुळ्यांना हात न लावता.

कुंडीत तळाच्या भोकांवर खापऱ्या, वर विटांचे तुकडे, मग पोयटा, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप ठेवताना त्यांनी मला खाली बसवून कलमाची गाठ दाखवली. खुंटाला डोळा भरतात त्या जागी खोड फुगलेलं दिसतं. ‘ताई, ही गाठ मातीच्या वर दोन बोटं. गाडली की कुजतीय, नायतर खालनं खुंट फुटतोय, आन मग रानटी फुलंच बघा.’ पानात सात पर्णिका दिसल्या की तो खुंटाचा फुटवा असं बागवाले सांगतात. हा हिशेब दरवेळी जमत नाही; चांगल्या गुलाबालाही कधी सात येतात. फांदी गाठीच्या खालून निघाली आहे का, एवढंच पाहावं आणि निघाली असेल तर मुळापासून ओढून काढावी. कात्रीने कापली तर ती दुप्पट जोमाने येते.

छाटणीचा मोठा हात ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर. फांदी बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर तिरकी कापायची. त्यानंतर साधारण ४५ दिवसांनी बहर येतो, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनासाठी फुलं तयार करणारे लोक छाटणीची तारीख अशी उलटी मोजून काढतात. घरी एवढं काटेकोर कशाला, पण दिवाळी आणि छाटणी यांची गाठ घालून ठेवली की विसरत नाही.

जागेसारखीच वेळही ऋतूबरोबर सरकते. डिसेंबरात सकाळी सातला, पारा दहा-बारावर असताना, डबल डिलाइट गप्प असतो. फूल गारठलेलं, वास आतच. पायऱ्यांवर ऊन येऊन अर्धा तास झाला, पाकळीवरचं दव गेलं, की नऊच्या सुमाराला तो बोलायला लागतो. नेमकी तीच वेळ सगळ्यांची बाहेर पडायची. जाता जाता प्रत्येकजण वाकतो, अगदी मोबाइलवर बोलत असला तरी.

यावर सासूबाईंची तक्रार होतीच. ‘हुंगलेलं फूल देवाला चालत नाही गं.’ खरंच आहे, आणि कठड्यावरच्या एकाही फुलाला आता तशी खात्री देता येत नाही. म्हणून वृंदावनाच्या पलीकडे, पूर्वेच्याच पण कोपऱ्यातल्या जागी, एक गावठी गुलाब वेगळा लावला. गुलाबी, विस्कटलेल्या मऊ पाकळ्यांचा, ज्याचा गुलकंद करतात तो. त्याच्या वाटेत कुणी येत नाही, आणि जास्वंदीच्या आडोशाने कुणाचं नाक तिथवर पोचतही नाही. तो देवाचा, आणि देवाला पुरून उरलेल्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर बरणीत.

मार्च सरला की दोन्ही झाडांची फुलं लहान होतात, पाकळ्या कमी येतात, दहाच्या आत मान टाकतात. तेव्हा ‘वास गेला’ म्हणून खत वाढवत बसू नये. त्या दिवसांत वास गोळा व्हायच्या आधीच उडतो. दुपारी कुंडीवर हिरवी जाळी, पाणी पहाटे, आणि हुंगायचं तर साडेसहाला. तेवढ्यात जाग येत नसेल, तर एप्रिल-मे सरळ मोगऱ्याला देऊन टाकावेत.