संगणक 'हायबरनेट' करावा का?



लागणीच्या नोंदी, खतांचा हिशेब पुष्कळ सभासद आता घरच्या संगणकावर ठेवतात. वालावलच्या काही सभासदांनी आम्हांस विचारले, "काम अर्धे टाकून उठायचे झाले तर संगणक हायबरनेट करावा की नाही?" त्याचा हा खुलासा.

चालू काम संगणकाच्या रॅममध्ये असते. वीज गेली की ते पुसले जाते. 'स्लीप'मध्येही रॅमला थोडी वीज लागतेच, आणि टेबलावरच्या संगणकाला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. 'हायबरनेट'मध्ये सारे काम डिस्कवर उतरते, मगच संगणक बंद होतो. ऊस तुटला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो, तसे काम सोडले तेथूनच पुन्हा सुरू होते.

फायदे : नंतर वीज गेली तरी काम शाबूत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या तर प्लगही खुशाल काढता येतो.

तोटे : डिस्कची काही जीबी जागा अडते. जुन्या हार्ड डिस्कवर संगणक 'स्लीप'पेक्षा सावकाश उठतो. कायम हायबरनेटच केले तर अपडेट रखडतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करावा.

विंडोजमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये पाहावे. संगणक पुरता बंद होईपर्यंत प्लग ओढू नये.

एक ध्यानात ठेवा, वीज सांगून जात नाही. अचानक गेली तर हायबरनेट करायला सवड कुठली? तेव्हा दर नोंदीनंतर 'सेव्ह' कराच, आणि जमल्यास यूपीएस बसवा.

— ऊस विकास अधिकारी