बेरीज जुळते, तरीही तार उलटी

देऊळगाव राजात रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर ईसीजी गावातच निघतो. तो वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ मात्र बऱ्याचदा जालन्यात नाहीतर छत्रपती संभाजीनगरात असतो. मोबाइलवर पट्टीचा फोटो जातो. पेशंट समोर नाही, तारा समोर नाहीत. तरी तिकडून निरोप येतो, ‘हातांचे क्लॅम्प उलटे लागलेत, पुन्हा काढा.’ नुसत्या कागदावरून हे कळतं कसं?

लायडनच्या विलेम आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून हृदयाची वीज टिपली. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. लीड म्हणजे दोन जागांमधल्या विद्युतदाबाचा फरक: पहिली दोन हातांमधला, दुसरी उजवा हात आणि डावा पाय यांच्यातला, तिसरी डावा हात आणि डावा पाय यांच्यातला. पहिल्या आणि तिसऱ्या लीडची बेरीज प्रत्येक क्षणी दुसऱ्या लीडइतकी येते. मग तार चुकली की बेरीज चुकणार, असं कुणालाही वाटेल. पण नाही! उजव्या हाताची लाल आणि डाव्या हाताची पिवळी तार अदलाबदल करा, बेरीज तंतोतंत जुळते. दोन खातेदारांची नावं बदलली तरी जमाखर्च जुळावा, तसं.

चोरी पकडली जाते ती शरीररचनेमुळे. हृदयातली लहर उजवीकडे वर उमटते आणि डावीकडे खाली उतरते. त्यामुळे उजव्या हातावरून पाहणारी एव्हीआर लीड एरवी उलटी दिसते. तीच सुलटी आणि पहिली लीड सुरुवातीच्या पी लहरीपासून शेवटच्या टी लहरीपर्यंत पालथी दिसली, की शंका घ्यायची. अर्थात हृदय जन्मतःच उजवीकडे असलं तरीही असंच दिसतं. तेव्हा छातीच्या, म्हणजे व्ही१ पासून पुढच्या, लीड बघायच्या. व्ही१ कडून डावीकडे सरकताना मधली उंच आर लहर नेहमीसारखी वाढत गेली तर दोष तारांचा. खुरटत गेली तर हृदयच उजवीकडे.

मला सगळ्यात अजब वाटते ती उजव्या पायाची काळी तार. मोजमापात तिचा वाटाच नाही. पण ती लाल तारेच्या जागी गेली की दुसरी लीड जवळपास सपाट होते. पेशंट बोलतोय, नाडी चालू आहे आणि कागदावर सरळ रेघ! कारण ती लीड आता दोन पायांमधला फरक मोजते आणि तिथे फरक जवळपास नसतोच.

तारा बरोबर असूनही जागा चुकू शकते. छातीवरचे व्ही१, व्ही२ चे बल्ब अंदाजाने नव्हे, तर बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत मोजून बसवायचे असतात. छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटाने चाचपायचा. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून मोजत उतरायचं. अंदाजाने बल्ब वर लागले तर कधी जुन्या हार्ट अटॅकचा खोटाच भास होतो.

सर्वांत बेरकी अदलाबदल डाव्या हाताच्या पिवळ्या आणि डाव्या पायाच्या हिरव्या तारेची. पट्टी अगदी नॉर्मल वाटू शकते. पहिल्या लीडमधली पी लहर दुसरीतल्यापेक्षा मोठी दिसली तर संशय येतो, पण खात्री नाही. म्हणून डॉक्टर घरच्यांना विचारतात, ‘जुना ईसीजी आहे का?’