प्रवाळांच्या टाकीतील शैवाल : आधी ओळख, मग उपाय

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ सांभाळणे हा खर्चिक आणि संयमाची कसोटी पाहणारा छंद आहे. त्यात हिरमोड होतो तो बहुधा शैवालामुळे. खडकांवर हिरवा-तपकिरी थर चढू लागला की घाईने शैवालनाशक ओतले जाते. शैवाल मरते, पण ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो आणि प्रवाळांबरोबर मासेही दगावू शकतात. म्हणूनच औषधाआधी ओळख महत्त्वाची.

शैवाल हे मुळात प्रवाळांचे शत्रू नव्हे. प्रवाळांच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवालच प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यांना पोसते. बिघडतो तो समतोल. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात आणि त्यांवर नको असलेले शैवाल फोफावते. फॉस्फेट फार वाढल्यास प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्याची वाढही मंदावते.

कोणते शैवाल?

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी भुकटी दिसते. ते डायटम होत. पाण्यातील सिलिकेट संपले की ते बहुधा आपोआप ओसरतात. लालसर-जांभळा, सायीसारखा सोलून निघणारा चिकट थर म्हणजे शैवाल नव्हेच, तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. मंद प्रवाहाच्या कोपऱ्यांत ते अधिक आढळतात. केसांसारखे हिरवे तंतू अतिरिक्त खाद्याची खूण मानावेत. नेच्याच्या पानांसारखे दिसणारे ब्रायॉप्सिस अधिक चिवट असते. गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चकचकीत हिरव्या मण्यांचे व्हॅलोनिया न फोडता, मुळासकट उचलावे.

सर्वांत फसवे म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे तपकिरी तंतू दिवसा दाट आणि रात्री विरळ होतात. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर गेलेल्या अतिस्वच्छ टाकीत त्यांचे फावते. अशा वेळी खाद्य तोडणे म्हणजे आगीत तेल ओतणे. शंका असल्यास थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.

काढावे कसे?

शक्य असेल तो खडक बाहेर काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत दातांच्या ब्रशने घासावा. नळाचे पाणी वापरल्यास खडकातील उपयुक्त जिवाणू मरतात. काही बटण-प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे घातक विष असते. त्यामुळे हातमोजे व चष्मा घालावा आणि असा खडक कधीही उकळू नये. त्याची वाफही माणसाला आजारी पाडू शकते. वाळूवरील थर नळीने शोषून घ्यावा. सगळे शैवाल एकाच दिवशी न काढता टप्प्याटप्प्याने काढावे.

त्यानंतर कारणाकडे वळावे. खाद्य बेताचे द्यावे, दिव्यांचे तास आठच्या आसपास ठेवावेत आणि प्रवाह सर्व कोपऱ्यांत पोहोचवावा. दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट तपासून नोंद ठेवावी. आकडा वाढतो की घटतो, हे त्यावरूनच कळते.

पाणी कोठून आणावे, हा गोव्यातील छंदप्रेमींसाठी कळीचा प्रश्न आहे. मांडवी-जुवारीच्या मुखांजवळ पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी मिसळून क्षारता घटते आणि त्याबरोबर पोषकद्रव्येही येतात. ते पाणी टाकीत ओतणे म्हणजे शैवालाला खतपाणी घालणे. आरओ व डीआयोनायझेशनने शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळणे अधिक भरवशाचे.

समुद्रातील प्रवाळ वा प्रवाळखडक उचलून आणण्याचा मोहही टाळावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार खडक घडविणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे. टाकीतील शैवाल महिनाभरात आटोक्यात आणता येते. तुटलेला प्रवाळ तितक्या लवकर भरून येत नाही.