मागची घरघर नेमकी कुणाची?

घाट चढून लोणावळा मागे पडतं, काटा ऐंशीच्या पुढे सरकतो आणि मागच्या सीटखालून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते. गाडीतलं कुणीतरी म्हणतं, ‘बेअरिंग गेलं.’ निदान बरोबर असेलही. पण द्रुतगती मार्ग मूळचा काँक्रीटचा, आणि काँक्रीटवर धडधाकट गाडीचे टायरही बऱ्यापैकी वाजतात. डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाज विरला तर संशय टायरवर घ्यावा. टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवला की खवल्यांसारखे चढउतार हाताला लागतात. पुढचे टायर मागे घालून पाहिले की उरलीसुरली शंकाही फिटते. आवाज टायरबरोबर पुढे सरकला, तर बेअरिंग निर्दोष.

आवाज मागून येतो म्हणून ‘अ‍ॅक्सल उघडावा लागेल’ असं ऐकलं की आधी गाडी कोणती ते पाहावं. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. मागचा अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारी नुसती पोलादी तुळई. त्यात ना गिअर, ना ऑइल. तिथे वाजणार ते चाकाचं बेअरिंग, टायर किंवा ब्रेक. बोलेरोची गोष्ट वेगळी. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो फुगवटा दिसतो, त्यात क्राउन आणि पिनियन हे दोन गिअर असतात आणि त्यांचा सूरच निराळा.

हा सूर ओळखायचा तो अ‍ॅक्सिलरेटरवरून. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात जाताना पाय दाबला की कुईं आवाज वाढतो, सोडला की बदलतो किंवा थांबतो, तर दोष क्राउन-पिनियनच्या दात्यांच्या जुळणीत शोधावा. चाकाच्या बेअरिंगला मात्र पायाशी देणंघेणं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळली तरी वेग आहे तोवर ते गुरगुरणारच. पिनियनचं बेअरिंगही घरघरतं. पण पिनियन चाकाच्या साधारण चौपट फिरतो, त्यामुळे त्याचा आवाज कमी वेगातच आणि वरच्या पट्टीत सुरू होतो.

कोणत्या बाजूचं बेअरिंग, हे वळण सांगतं. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग, कमी झाली तर डावं. ‘बहुधा’ म्हणायचं कारण पत्रा आवाज कुठून कुठे नेईल याचा नेम नसतो; मुरलेले मिस्त्रीही इथे फसतात. म्हणून चांगला मिस्त्री कानावर विसंबत नाही. पुढच्या चाकांना ओट लावून तो मागचं चाक जॅकवर उचलतो, हॅन्डब्रेक सोडतो, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो आणि दुसऱ्याने चाक फिरवतो. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवलं की ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, कळतो. ही तपासणी न करता जो थेट बेअरिंगची किंमत सांगतो, त्याच्याकडे गाडी न सोडलेली बरी.

बेअरिंग मरतं ते बहुतेक दोन कारणांनी. खड्ड्यात चाक आदळलं की पोलादी गोळ्या आपल्या कड्यावर सूक्ष्म खळगे पाडतात. पुढे तिथूनच कडं सोलवटायला लागतं. दुसरं कारण पाणी. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली आणि सील दगा देऊन गेलं, की आतलं ग्रीस पांढरट होतं, गंज धरतो. आजच्या सीलबंद बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरून उपयोग नाही. ते बदलावंच लागतं. जुन्या पद्धतीच्या टेपर बेअरिंगमध्ये मात्र साफसफाई, नवं ग्रीस आणि नटाची नेमकी जुळणी यावर भागतं, अर्थात रोलर शाबूत असतील तर.

नवं बेअरिंग बसवतानाच मारलं जातं, हा गॅरेजमधला नित्याचा प्रकार. ते हबमध्ये बसवायचं तर दाब बाहेरच्या कड्यावरच हवा. आतल्या कड्यावर हातोडा बसला की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि हजारभर किलोमीटरमध्ये घरघर परत हजर. शिवाय काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते. उलटं बसवलं की डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि ग्राहक सेन्सर बदलत बसतो. म्हणून काम प्रेसवर आणि शेवटचा नट टॉर्क रेंचने, एवढं आधीच बजावून ठेवावं.

बोलेरोवाल्यांनी क्राउन-पिनियनवर खर्च करण्याआधी अ‍ॅक्सलचं ऑइल पाहावं. पातळी उतरलेली असेल तर आधी गळती शोधावी. ऑइल चाकाकडच्या सीलमधून झिरपत असेल तर ते ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. पण दाते एकदा झिजले की नवं ऑइल आवाज घालवत नाही. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, कारण ते एकमेकांशी जुळवूनच तयार केलेले असतात.

नुसती घरघर असेल तर गाडी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. घरघरीबरोबर चाकात प्ले असेल किंवा हब हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर मात्र टोइंगची गाडी बोलवा. अशा अवस्थेत चाक निखळू शकतं.