नाशिकरोडच्या पाच अक्षरांत दडलेले शब्द

एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत ‘नाशिकरोड’ असे लिहा. न, श, क, र, ड ही पाचच अक्षरे घ्यायची. काना, मात्रा, वेलांटी हवी तशी बदलण्याची मुभा आहे. मात्र एका शब्दात एक अक्षर एकदाच वापरायचे. आता किती शब्द निघतात ते पाहा. पहिले बहुधा नाकच निघेल, आणि ते योग्यही आहे, कारण शूर्पणखेच्या कथेमुळे या शहराचे नावच नासिकेशी जोडले जाते. नाक उलटवले की कान मिळतो. मग डोके, केश, शीर, नाडी. अनुस्वार चालतो असे ठरले तर शिंकही येते. अवघा देह गोळा होत आला असे वाटते, पण ‘शरीर’ काही जमत नाही. त्याला दोन ‘र’ लागतात.

हाच खेळ आपली नातवंडे मोबाइलवर इंग्रजीत खेळतात आणि आजी-आजोबांनाही त्यात ओढतात. इंग्रजीत नाशिक म्हणजे एन, ए, एस, एच, आय, के अशी सहा अक्षरे. त्यांतून स्किन म्हणजे त्वचा निघते आणि शिन म्हणजे नडगीही निघते. इंग्रजीत शोधण्याची एक युक्ती आहे. तेथे काही व्यंजने जोडीने वावरतात. एन-के ही जोडी शेवटी ठेवून तिच्यापुढची अक्षरे बदलत गेलात, की इंक, सिंक, सँक, शँक अशी रांगच लागते. मराठीत हा मार्ग उपयोगी नाही. येथे व्यंजने धरून ठेवायची आणि बाराखडीतून फेरफटका मारायचा: नाक, नाका, नेक, नौका, शीर, शिरा, शेर, शूर.

ज्यांची इंग्रजीशी गाठच पाचवीत किंवा आठवीत पडली, त्यांना नातवाच्या वेगाने इंग्रजी शब्द सुचले नाहीत तर त्याचा अर्थ बुद्धी मंदावली असा होत नाही. आपण ज्या भाषेत भांडतो, हिशेब करतो आणि स्वप्ने पाहतो, त्याच भाषेत हा खेळ खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नातवंडांचे मराठी सुधारेल, हा वरचा लाभ.

अक्षरावरून शब्द शोधण्याला वैद्यकातही स्थान आहे. स्मृतीची तपासणी करताना ‘या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगा’ असे विचारले जाते. ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’ या 30 गुणांच्या प्रचलित चाचणीत 11 किंवा अधिक शब्द सांगितल्यास एक गुण मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे प्राण्यांची किंवा भाज्यांची नावे सांगणे. दोन्ही वरकरणी सारखे, पण मेंदूचे काम निराळे. भाज्या आठवताना आपण अर्थाच्या धाग्याने जातो. मेथीमागून पालक आपोआप येतो. अक्षराच्या बाबतीत असा धागा नसतो. नेमाने शोधायचे, नियम लक्षात ठेवायचा आणि सांगितलेला शब्द पुन्हा येऊ द्यायचा नाही. यात मेंदूच्या पुढच्या भागाचा कस लागतो. अल्झायमरच्या सुरुवातीला बहुधा भाज्या-प्राण्यांची यादी आधी आटते. आपल्या लहानपणीच्या ‘नाव-गाव-फळ-फूल’मध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र होते, हे लक्षात आले का?

परंतु घड्याळ लावून घरी अशी परीक्षा घेऊ नका. शिक्षण, भाषा, झोप, चिंता यांनी गुण बदलतात आणि त्यांचा अर्थ लावणे तज्ज्ञांचे काम आहे.

मग या खेळाने स्मृती वाचते का? अमेरिकेत 65 वर्षांवरील 2,802 व्यक्तींवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला. तेथे ज्या क्षमतेचा सराव दिला, मुख्यतः तीच सुधारली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या 107 व्यक्ती होत्या. 78 आठवड्यांनंतर संगणकीय खेळ खेळणाऱ्यांपेक्षा शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती किंचित बरी आढळली. काहीच न करणाऱ्यांशी तुलना मात्र त्यात नव्हती. तेव्हा शब्दकोडे म्हणजे औषध, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. पूर्वी बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी लोकांना असे वेड लावले होते, की महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी घालणारा कायदा संसदेला 1955 मध्ये करावा लागला. वेड पैशाचे असो वा आरोग्याचे, बेताचेच बरे.

मात्र आणखी एक लाभ आहे, आणि मला तोच मोठा वाटतो. दुपारच्या निवांत वेळी दोन माणसे एका कागदावर वाकून बसतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंशी ‘गोळी घेतली का?’ याखेरीज बोलण्याचा विषय मिळतो. सांभाळणाऱ्या सूनबाईंनी एवढे पाहावे: चष्मा पुसलेला असावा, उजेड भरपूर असावा, श्रवणयंत्र कानात असावे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी 14 जोखीम-कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष ही दोन्ही आहेत. शब्द अडला तर लगेच सांगून टाकू नये, पण ताटकळतही ठेवू नये. पहिले अक्षर सुचवावे. तोच शब्द पुन्हा आला तर ‘हा झाला की!’ असे न म्हणता पुढे जावे. दमणूक दिसली तर सोपा संच घ्यावा. ‘गोदावरी’तून गाव, दार, वारी, देव सहज निघतात, रोग आणि दवा, दोन्हीही निघतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मनाने फिरवून आणावे आणि काय काय दिसले ते विचारावे.

एखादे नाव जिभेवर येऊन अडणे आणि संध्याकाळी आपसूक आठवणे, हे वयाबरोबर होतेच. ओळखीच्या वस्तूंची नावे वरचेवर हरवू लागली, बोलणे मध्येच तुटू लागले किंवा औषधे व पैसे यांचे व्यवहार चुकू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य आणि काही औषधे यांनीही असे होते, आणि त्यांवर उपचार आहेत. मात्र शब्द अचानक नाहीसे झाले, जीभ जड झाली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा हात उचलेनासा झाला, तर ‘जरा पडून पाहू’ असे म्हणू नये. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे स्कॅनिंगही व्हावे लागते. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे आणि तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.